पदव्युत्तर हॉस्टेलचे विद्यार्थी प्रतिनिधी: बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवं सत्र तोंडावर आलं की एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी.ची मुलंमुली हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. हॉस्टेलमध्ये राहूनच मजल्याची किंवा ब्लॉकची जबाबदारी घेणाऱ्या विद्यार्थ्याला इथे सरसकट 'प्रतिनिधी' म्हटलं आहे. नियम हॉस्टेलगणिक बदलतात, म्हणून आपलं नेमणूकपत्र आणि नियमावली शेजारी ठेवून वाचा.

१. वॉर्डन असतातच, मग प्रतिनिधी कशाला? त्याचं काम नक्की काय?

वॉर्डन बहुधा प्राध्यापक असतात. दिवसभर ते विभागात असतात आणि त्यांचं घर हॉस्टेलच्या आवारात असेलच असं नाही. रात्री साडेअकराला तिसऱ्या मजल्याचं पाणी गेलं, कुणाला ताप चढला किंवा एखाद्या खोलीत आवाज चढले की आधी तुमचं दार वाजतं. तुम्ही तिथेच राहता, हीच या पदाची खरी ताकद. काय चाललंय ते बघायचं, लिहून ठेवायचं आणि योग्य माणसापर्यंत वेळेत पोचवायचं, एवढं तुमचं काम. दंड लावणं, खोली बदलून देणं, कपाट उघडायला लावणं किंवा कुणाच्या घरी परस्पर फोन करणं तुमच्या अधिकारात बसत नाही.

शिवाय इथली माणसं वयाने मोठी असतात. कुणी नोकरी सोडून पीएच.डी.ला आलेलं, कुणाचं लग्न झालेलं, कुणी फेलोशिपमधून घरी पैसे पाठवणारं. पदवीच्या पहिल्या वर्षाला चालतो तो हजेरीचा सूर इथे लावलात, तर आठवड्याभरात तुमच्याशी कुणी मोकळेपणी बोलणार नाही.

२. थिसिस सांभाळून हे जमतं का?

जमतं. एरवी आठवड्याला सहा ते आठ तास धरून चाला. सत्राचे पहिले पंधरा दिवस आणि नवरात्र यांत दुप्पट. खरी अडचण तासांची नसते, ते अवेळी येतात ही असते. म्हणून ज्या वर्षी थिसिस जमा करायचा आहे त्या वर्षी हे पद घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मजल्यावर दोन प्रतिनिधी असतील तर रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या आणि आज पाळी कुणाची ते दोघांच्याही दारावर लिहा.

३. मला जे.आर.एफ. (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) आहे. प्रतिनिधी म्हणून खोलीभाडं माफ झालं किंवा मानधन मिळालं तर फेलोशिपला धक्का लागतो का?

दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाची जे.आर.एफ. १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि एस.आर.एफ. (पुढची सीनियर रिसर्च फेलोशिप) ४२,००० रुपये आहे; घरभाडं (एच.आर.ए.) त्याच्या वर. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्याला हॉस्टेल फीचीच भरपाई मिळते, आणि तीतही मेस, वीज, पाणी धरत नाहीत. म्हणजे फी माफ झाली तर भरपाई मागायला काही उरत नाही, आणि बाहेर राहत असल्याचं दाखवून एच.आर.ए. घेणं ही सरळ खोटी माहिती ठरते. अशी रक्कम पुढे वसूल होते.

मानधनाचं जास्त जपून. फेलोशिप चालू असताना दुसरीकडून पगार, स्टायपेंड किंवा मानधन घेता येत नाही, अशी अट असते. नेमणूकपत्रात 'मानधन' शब्द दिसला तर सही करण्याआधी फेलोशिप विभागाकडून लेखी उत्तर घ्या. फेलोशिप नसलेल्यांना ही अडचण नाही.

४. पहिल्या आठवड्यात काय काय उरकायचं?

प्रत्येक खोलीची सामानयादी आधी. पलंग, टेबल, खुर्ची, कपाटाची किल्ली, पंखा, ट्यूबलाइट, खिडकीच्या काचा, जाळी. मुलगा किंवा मुलगी राहायला येण्याआधी फोटो काढा आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्या. वर्षाच्या शेवटी डिपॉझिट कापल्यावरून होणारी बहुतेक भांडणं याच कागदावर मिटतात.

मग प्रत्येकाकडून एक कार्ड भरून घ्या: रक्तगट, चालू औषधं, अ‍ॅलर्जी, घरचा एक नंबर आणि बडोद्यातल्या ओळखीच्या एका माणसाचा नंबर. ही कार्डं बंद पाकिटात, ड्यूटीवरच्या प्रतिनिधीकडे आणि वॉर्डनकडेच. त्यांचा फोटो ग्रुपवर टाकू नका, आणि मेसवाल्याला किंवा क्लासवाल्याला कुणाचे नंबर देऊ नका.

मजल्यावर एक कागद लावा: १०८ (रुग्णवाहिका), ११२ (पोलीस व इतर तातडी), १८१ (महिलांसाठी अभयम), १४४१६ (टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठी), १८००-१८०-५५२२ (रॅगिंगविरोधी), वॉर्डनचा मोबाइल आणि सयाजीराव जनरल हॉस्पिटलचा, म्हणजे सगळे ज्याला एस.एस.जी. म्हणतात त्याचा, तातडी विभाग. अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का तेही त्याच फेरीत बघून घ्या.

५. मी मराठी. मजल्यावर गुजराती, मणिपुरी, केरळी, आफ्रिकेतून आलेले, सगळेच आहेत. बोलायचं कोणत्या भाषेत?

सूचना हिंदीत आणि इंग्रजीत, सगळ्यांना सारखीच. बडोद्यात मराठी मुलांचा घोळका चटकन जमतो. दांडिया बाजारात कुणाची मावशी असते, रावपुऱ्यात कुणाचे काका. त्यात गैर काही नाही, पण प्रतिनिधीच त्या घोळक्यात बसून मराठीतच निर्णय घेऊ लागला की बाकीचे गप्प होतात आणि तक्रारी तुमच्यापर्यंत पोचेनाशा होतात. वॉचमन आणि मेसचे महाराज (आचारी) यांच्याशी मात्र मोडक्यातोडक्या का होईना, गुजरातीत बोला. कामं भराभर होतात.

६. रूममेटचं पटत नाही, खोली बदलून द्या, अशी मागणी आली तर?

लगेच हो म्हणू नका आणि 'जमवून घ्या' असंही म्हणू नका. आधी दोघांशी वेगवेगळं, मग एकत्र वीस मिनिटं बोला. बहुतेक वेळा भांडण स्वभावाचं नसतं, दिव्याचं आणि झोपेचं असतं: एक जण लॅबमधून रात्री दोनला येतो, दुसऱ्याचं आठ वाजता लेक्चर असतं. जे ठरेल ते एका कागदावर, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. चांगला कागद असा असतो:

'रात्री १२ नंतर फक्त टेबल-लॅम्प. सकाळचा अलार्म एकदाच. पाहुणा येणार असेल तर आदल्या दिवशी मेसेज. ओले कपडे पंख्याखाली वाळत घालायचे नाहीत. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलू.'

शेवटची ओळ सोडू नका. पंधरा दिवसांनी खरंच विचारलंत तर निम्मी प्रकरणं तिथेच संपतात. तरीही जमत नसेल तर हा कागद जोडून बदलीचा अर्ज वॉर्डनकडे पाठवा. मारहाण, धमकी, जातीवरून टोमणे किंवा लैंगिक त्रास असेल तर यातलं काही करायचं नाही. त्याच रात्री खोल्या वेगळ्या करण्याची मागणी वॉर्डनकडे करा आणि प्रश्न ११ व १२ बघा.

७. खोलीत इंडक्शन, हीटर रॉड, केटल चालते का? दर थोड्या दिवसांनी एम.सी.बी. (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पडतो.

नियम बाजूला ठेवून आधी हिशेब बघा. साध्या लहान सॉकेटची क्षमता ६ अँपिअर, म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम १,३८० वॉट. पाणी तापवायचा रॉड १,५०० वॉटचा, म्हणजे साडेसहा अँपिअर. इंडक्शन २,००० वॉटचं, पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. मोठा पिन लहान सॉकेटात बसवणारा अडॅप्टर लावला की सॉकेट आतून वितळायला लागतं. पिन काळी पडणं, प्लास्टिक पिवळं होणं आणि माशासारखा जळका वास ही त्याची चिन्हं. जुन्या इमारतींत दोन-तीन खोल्या एकाच एम.सी.बी.वर असतात, म्हणून जानेवारीच्या थंडीत सकाळी सातला दोन रॉड लागले की सगळ्यांची वीज जाते.

सगळ्यात धोकादायक उपाय म्हणजे कुणाला तरी बोलावून एम.सी.बी. मोठ्या अँपिअरचा बसवून घेणं. भिंतीतली वायर तीच राहते. मग एम.सी.बी. पडत नाही, वायर तापत राहते. असं कुणी केलेलं दिसलं तर त्याच दिवशी वॉर्डन आणि इलेक्ट्रिशियनला लेखी कळवा.

मुलांना चहा-मॅगी लागणारच. मजल्यावरच्या पँट्रीत १६ अँपिअरचे दोन सॉकेट आणि स्वतंत्र लाइन मागा. जप्तीच्या फेऱ्यांपेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

८. मेसच्या तक्रारी आमच्याकडेच का येतात?

कारण तुम्ही जेवायला तिथेच असता. 'जेवण वाईट आहे' हे वाक्य मेस समितीपुढे टिकत नाही. तारीख, वेळ, पदार्थ आणि फोटो टिकतो. डाळीत गूळ का, हा वाद महाराष्ट्रातून आलेले दर वर्षी काढतात. तो मेनूचा विषय, बिनगुळाचं एक पातेलं वेगळं काढायला सांगून सुटतो. शिळं अन्न, किडे आणि पोट बिघडणं हे आरोग्याचे विषय. एकाच जेवणानंतर तिघांचं पोट बिघडलं तर उरलेलं अन्न फेकू देऊ नका, झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि वॉर्डनना बोलवा. मेस-कटसाठी (न जेवलेल्या दिवसांचे पैसे बिलातून वगळण्यासाठी) किती दिवस आधी कळवायचं ते नियमावलीत असतं. तोंडी सांगितलेला कट बिलात दिसत नाही.

९. नोंदवहीत लिहायचं कसं?

डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच. 'दोनशे चारवाल्यांनी काल पुन्हा धिंगाणा घातला, नेहमीचंच आहे' ही नोंद कुणाच्याच कामाची नाही आणि उद्या तुमच्यावरच उलटेल. हीच गोष्ट अशी लिहा:

'१२ सप्टेंबर, रात्री ११.४०. खोली २०४ मधून स्पीकरचा मोठा आवाज, २०६ मधून तक्रार. ११.४५ ला दार वाजवून आवाज कमी करायला सांगितलं, लगेच केला. १२.१५ ला पुन्हा फेरी, शांत.'

पेनने लिहा आणि खाडाखोड करू नका. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करा. आजारपण, मनःस्थिती आणि लैंगिक छळाच्या तक्रारी या सर्वांच्या हाती लागणाऱ्या वहीत अजिबात येऊ देऊ नका.

१०. खोलीत दारू सापडली. बाटली जप्त करून माझ्याकडे ठेवू का?

अजिबात नाही. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय दारू जवळ बाळगणं हाच १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बाटली तुमच्या कपाटात गेली की ती तुमच्या ताब्यात असते. हात लावू नका, खोलीची झडती घेऊ नका, दुसऱ्या प्रतिनिधीला साक्षीला बोलवा आणि तिथूनच वॉर्डनना फोन करा. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना हा फरक माहीत नसतो, म्हणून पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा: घरी जाऊन येताना बॅगेत आणलेली बाटलीसुद्धा.

कुणी पिऊन बेशुद्ध पडलं असेल तर आधी जीव, मग नियम. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा, एकटं सोडू नका. काय आणि किती प्यायलं ते डॉक्टरांना खरं सांगा.

११. पदव्युत्तरमध्ये रॅगिंग लागू होतं का? आणि गणपतीच्या वर्गणीचं काय?

होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी विनियम नव्या विद्यार्थ्यापुरते नाहीत, 'इतर कोणताही विद्यार्थी' त्यात आहे. सीनियर स्कॉलरने ज्युनिअरकडून प्रयोगाच्या नोंदी उतरवून घेणं, रात्री चहा आणायला पिटाळणं, आडनावावरून खिजवणं, सगळं त्यात येतं. गुन्ह्याच्या स्वरूपाचं प्रकरण असेल तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांत एफ.आय.आर. नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखांवर आहे. म्हणून 'आपसात मिटवू' म्हणत दोन दिवस घालवू नका.

वर्गणीचा प्रश्न मराठी मुलांच्या हॉस्टेलात दर भाद्रपदात येतो. कुणावर जबरदस्तीने खर्चाचा बोजा टाकणं हेही याच विनियमांत रॅगिंग आहे. डबा ठेवा, आकडा ठरवू नका, कुणी किती दिले त्याची यादी लावू नका. दार वाजवून 'पाचशे झालेच पाहिजेत' म्हणणारा माणूस भक्तीने म्हणत असला तरी समोरच्याच्या तक्रारीला पात्र आहे.

१२. एका मुलीने छळाची गोष्ट सांगितली आणि 'कुणाला सांगू नकोस' म्हणाली. काय करू?

गुप्ततेचं वचन देऊ नका. 'ज्यांना सांगणं भाग आहे तेवढ्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून' एवढंच म्हणा. खोदून विचारू नका, आरोपीशी बोलायला जाऊ नका, समझोत्याची बैठक तर घेऊच नका. आयोगाच्या लैंगिक छळाबाबतच्या २०१५ च्या विनियमांनुसार अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशीला ९० दिवसांची मुदत आहे. मेसेज, कॉलची यादी, ईमेल यांतलं काही पुसू नका असं तिला लगेच सांगा. मुलग्यांनाही आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही दाद मागता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

१३. कुणीतरी जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागलं, किंवा आठ दिवस खोलीबाहेरच आलं नाही, तर?

सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतोय का?' विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते, हा गैरसमज आहे. उलट माणूस मोकळा होतो. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, औषधांच्या पट्ट्या आणि धारदार वस्तू त्याच्या संमतीने बाजूला करा, वॉर्डनना त्याच क्षणी कळवा आणि टेली-मानसच्या १४४१६ वर बोलणं करून द्या. हा नंबर मोफत आणि चोवीस तास चालू असतो. प्रयत्न करून झाला असेल तर थेट १०८.

'पोलीस केस होईल' या भीतीने मित्रमंडळी दवाखान्यात न्यायला उशीर करतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरतात आणि त्यासाठी खटला भरत नाहीत. हे मजल्यावर आधीच सांगून ठेवा.

पीएच.डी.वाल्यांत ही लक्षणं सावकाश दिसतात. मेसचं जेवण टाळणं, लॅबला न जाणं, गाईडचे फोन न घेणं, दिवसरात्रीची अदलाबदल. तीन दिवस ताट दिसलं नाही की दार वाजवा. 'बरा आहेस ना?' विचारलंत तर 'हो' येतं. 'आज काय खाल्लंस?' विचारा.

१४. गाईड आणि स्कॉलरच्या भांडणात मी पडावं का?

नाही. ऐकून घ्या आणि वाट दाखवा: आधी विभागप्रमुख, मग आयोगाच्या २०२३ च्या विनियमांतली विद्यार्थी तक्रार निवारण समिती, आणि तिचा निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. ईमेल आणि बैठकांच्या तारखा जपून ठेवायला सांगा. माणूस खचलेला असेल तर प्रश्न १३.

१५. आई-बाबा जळगावहून आले आहेत, एक रात्र खोलीत राहू दे का? आणि मित्र परदेशी असेल तर?

आई-बाबांसाठी पाहुणेखोली किंवा वॉर्डनची लेखी परवानगी. तुमच्या तोंडी होकाराला किंमत नाही. परदेशी माणूस रात्री राहिला की राहण्याची जागा देणाऱ्याने २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची असते. हे काम कार्यालयाचं, पण शनिवारी रात्री आलेला परदेशी विद्यार्थी सोमवारपर्यंत कुणाला कळलाच नाही तर मुदत टळून जाते. म्हणून तो येताच कार्यालयाला मेसेज करा, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत त्यालाच पाठवायला सांगा.

१६. पावसाळ्यात विश्वामित्री नदीला पूर आला तर प्रतिनिधीने काय करायचं?

आजवा सरोवराची पातळी आणि काळाघोडा पुलाखालचं पाणी, या दोन आकड्यांवर लक्ष ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये काळाघोड्याला पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. वरून पाणी सोडल्याची बातमी आली की शहरात पाऊस थांबलेला असला तरी तयारीला लागा: तळमजल्याच्या खोल्यांतलं सामान आणि माणसं वर, दुचाक्या उंचावर, लिफ्ट बंद, तळमजल्याचा मेन स्विच इलेक्ट्रिशियनकडून बंद. माणशी चार लिटर पिण्याचं पाणी भरून ठेवा, फोन चार्ज करा, नियमित औषधं कोण घेतं ती यादी काढा.

साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, व्हिडिओसाठी तर मुळीच नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि त्या २०२४ च्या पुरात वस्तीत शिरल्या होत्या. मगर दिसली तर गर्दी हटवा, दार लावून घ्या, वनविभागाला कळवा. पाणी ओसरल्यावर टाकी धुऊन होईपर्यंत नळाचं पाणी प्यायचं नाही.

१७. नवरात्र आणि उत्तरायण कसं सांभाळायचं?

बडोद्यात गरब्याच्या नऊ रात्री कुणाला खोलीत बसवून ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. संध्याकाळी सातपर्यंत नाव, खोली, मोबाइल, कुणाबरोबर आणि परतायची वेळ अशी यादी करा. एक प्रत फाटकावर, एक तुमच्याकडे. मुली एकट्या परतणार नाहीत अशा जोड्या त्यांच्या त्यांना ठरवू द्या. वेळ उलटून अर्धा तास झाला की फोन, एक तास झाला की वॉर्डन.

उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, १४ आणि १५ जानेवारीला. गच्चीची किल्ली सकाळी उघडायची आणि अंधार पडायच्या आत लावायची, टाकीवर आणि कठड्यावर चढायला बंदी. नायलॉनचा मांजा देशभर बंदीत आहे. फिरक्या वर जाण्याआधी जिन्यातच तपासा. जखमी पक्षी दिसला तर अंधाऱ्या खोक्यात ठेवा, पाणी पाजू नका, १९६२ (पशुपक्ष्यांची हेल्पलाइन) वर फोन करा.

१८. पद सोडताना काय सोपवायचं?

किल्ल्या मोजून, सामानयादी, नोंदवही, न सुटलेल्या तक्रारींची तारखेसह यादी, आणि ग्रुपचं अ‍ॅडमिनपद. प्रश्न ४ मधली कार्डं नव्या प्रतिनिधीला देऊ नका. वॉर्डनसमोर फाडा, नवा येणारा नवी भरून घेईल. पोचपावतीवर तिघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा, कारण हरवलेल्या किल्लीची विचारणा पुढच्या मे महिन्यातही येऊ शकते.